पुढून बुलेट, मागून गाडा

सौराष्ट्राच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे एक अजब वाहन धावत आले आहे: छकडा रिक्षा. पुढचा भाग मोटारसायकलचा, म्हणजे हँडल, टाकी, चालकाची सीट. मागे दोन चाकांचा उघडा हौदा. त्यात माणसे बसतात, गवताचे भारे आणि दुधाचे कॅनही.

जोडणी सोपी दिसते, पण खरी मेख मागच्या आसात असते. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जोडली, तर एक घसटत जाते, टायर झिजतो आणि गाडी सरळच जाऊ पाहते. म्हणून मोटारीचा, डिफरन्शियल असलेला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा आस बसवतात. नाहीतर एकाच चाकाला जोर देऊन भागवतात. दुसरी अडचण चालकाच्या सवयीची. मोटारसायकल वळताना झुकते, तीनचाकी झुकत नाही. वेगात वळवली की आतले चाक उचलले जाते.

अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी तर बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि शेतीची अवजारे जोडली. या ‘बुलेट सांती’ला अमेरिकी पेटंटही मिळाले.

दिल्लीतही हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या मोटारसायकलींपासून बनवलेल्या ‘फटफटी’ प्रवासी वाहत. प्रदूषणाच्या कारणावरून 1998 च्या सुमारास त्या बंद झाल्या.

घरच्या घरी असा प्रयोग करण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचावे. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असा मनमानी बदल चालत नाही.