ज्ञान व्यवस्थापन आणि नवनिर्मिती : महाराष्ट्रातील द्राक्षशेतीच्या संदर्भात

प्रस्तावना
भांडवल व यंत्रसामग्रीप्रमाणेच ज्ञान हेही संघटनेचे साधन होय. त्याची निर्मिती, जतन, वाटप व उपयोग यांचे हेतुपुरस्सर नियोजन म्हणजे ज्ञान व्यवस्थापन. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, व्यक्तीच्या अनुभवातील अव्यक्त ज्ञान शब्दबद्ध होऊन इतरांच्या कृतीत मुरते, तेव्हा नवनिर्मितीस चालना मिळते. वसई परिसरात राजेळी केळ्यांपासून सुकेळी करण्याचे कौशल्य आज मोजक्या कुटुंबांपुरते उरले आहे. महाराष्ट्रातील द्राक्षशेतीची वाटचाल मात्र वेगळी आहे.

अनुभवाकडून वाणाकडे
१९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने चर्चासत्रे, शिवारफेऱ्या व प्रकाशने यांद्वारे बागायतदारांच्या अनुभवाला सामूहिक रूप दिले. थॉम्पसन सीडलेस वाणाच्या बागेतील वेगळ्या वेली हेरून तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आरवे यांनी 'तास-ए-गणेश', तर सोलापूरजवळील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' हा वाण निवडला. वेगळी वेल ओळखणारी नजर हे अव्यक्त ज्ञान होते; काडी व छाटणीची माहिती इतरांना मिळाल्यानेच त्या निवडीचा प्रसार झाला. १९९७ मध्ये मांजरी (पुणे) येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रामुळे या अनुभवास प्रयोगशाळेची जोड मिळाली.

नोंदींची मर्यादा
२००६ मध्ये 'अपेडा'ने सुरू केलेल्या 'ग्रेपनेट' प्रणालीमुळे निर्यातीच्या द्राक्षाचा मागोवा थेट बागेपर्यंत घेता येऊ लागला. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली आणि बागायतदार व निर्यातदारांना मोठी झळ बसली. वेलींना घड चांगले यावेत म्हणून हे रसायन बागांत वापरले जात होते. परंतु तपासणीच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. म्हणजेच बागेतील ज्ञान नोंदप्रणालीपर्यंत पोहोचले नव्हते. त्यानंतर तपासणीची व्याप्ती वाढविण्यात आली.

निष्कर्ष
संगणकीय नोंदी विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देतात. न विचारलेले प्रश्न प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या अनुभवात दडलेले असतात. म्हणून माहितीसंचय, परस्परविश्वास व नियमित संवाद या तिन्हींची सांगड घालणारी संघटनाच नवनिर्मिती टिकवू शकते. महाविद्यालयांनीही निवृत्त होणाऱ्या अध्यापकांचे अध्यापनकौशल्य याच दृष्टीने जतन करणे अगत्याचे आहे.