इतिहासातील गोटी आणि वाटी

‘इतिहासात जर-तरला स्थान नाही’ असे आपण वर्गात सांगतो. विज्ञानाच्या तासाला मात्र जर-तरवाचून पान हलत नाही. घर्षण नसते तर काय झाले असते, असे विचारल्यावरच घर्षणाचे कार्य कळते. मग हाच प्रश्न इतिहासाला विचारायचा झाला, तर तो कसा विचारावा?

याचे एक सुरेख उदाहरण पुण्यातच सापडते. पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक कै. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेक शिक्षकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जाताना एका निराळ्याच जगात पोचतात. तेथे १४ जानेवारी १७६१ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. फरक असतो फक्त एका गोळीचा. आपल्या इतिहासात विश्वासराव गोळी लागून पडले. त्या जगात ती गोळी त्यांना चाटून जाते. दोन्ही सैन्ये तुल्यबळ असताना एवढ्याशा फरकाने पारडे फिरते.

यामागचे तत्त्व वर्गात सहज दाखवता येईल. एक वाटी सुलटी ठेवून तिच्यात गोटी सोडा. गोटीला टिचकी मारा. ती थोडी हलेल आणि पुन्हा तळाशी येईल. हा स्थिर समतोल. आता वाटी पालथी घालून गोटी तिच्या माथ्यावर ठेवण्याचा प्रयत्न करा. नुसत्या फुंकरीनेही ती घरंगळेल आणि कोणत्या बाजूला जाईल ते त्या फुंकरीवर ठरेल. हा अस्थिर समतोल. म्हणजे ‘जर’ किती लहान आहे एवढे पाहून भागत नाही. त्या क्षणी वाटी सुलटी होती की पालथी, हे पाहावे लागते.

ही कसोटी दुसऱ्या महायुद्धाला लावून पाहू. दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ५ जून १९४४ रोजी उतरणार होते. वादळामुळे हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांनी थांबण्याचा सल्ला दिला. नंतर ६ जूनला थोडी उघडीप मिळेल असा त्यांचा अंदाज आला आणि त्या दिवशी सुमारे दीड लाख सैनिक फ्रान्समध्ये पोचले. ती संधी हुकली असती, तर भरती-ओहोटीची अनुकूल वेळ पुन्हा सुमारे दोन आठवड्यांनी येणार होती. प्रत्यक्षात १९ जूनपासून तेथे एवढे मोठे वादळ झाले की, अमेरिकी सैन्याने उभारलेले कृत्रिम बंदर मोडून पडले.

समजा, सैन्य त्या वादळात सापडले असते. मग जर्मनी जिंकला असता का? तसे वाटत नाही. २२ जूनच्या सुमारास पूर्वेकडून सोविएत सैन्याने प्रचंड आक्रमण सुरू केले होते. माणसे, पोलाद, तेल या सर्वच बाबतींत जर्मनी मागे पडला होता. कोण हरणार, या प्रश्नापुरती वाटी सुलटी होती. परंतु युद्ध लांबले असते, तर बर्लिनच्या पश्चिमेला सोविएत सैन्य किती दूर गेले असते? अणुबॉम्बची पहिली चाचणी १६ जुलै १९४५ रोजी झाली. जर्मनी तोपर्यंत टिकला असता, तर पहिला बॉम्ब कोठे पडला असता? या प्रश्नांपुरती वाटी पालथी होती.

याहून विदारक उदाहरण ९ ऑगस्ट १९४५चे आहे. दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. लक्ष्य डोळ्यांनी पाहूनच बॉम्ब टाकावा, असा हुकूम होता. विमानाने तीन फेऱ्या मारल्या. पण धूर आणि ढगांमुळे खालचे लक्ष्य दिसेना. विमान नागासाकीकडे वळले. तेथे वर्षअखेरपर्यंत सुमारे ७० हजार माणसे मेली. आकाश निरभ्र असते, तर युद्धाचा शेवट बहुधा बदलला नसता. हिरोशिमा ६ ऑगस्टलाच बेचिराख झाले होते, सोविएत संघ युद्धात उतरला होता आणि जपानची कोंडी झाली होती. नागासाकीतील माणसे मात्र वाचली असती आणि कोकुरातील मेली असती.

‘जे झाले ते अटळच होते’ आणि ‘काहीही होऊ शकले असते’ ही दोन्ही विधाने म्हणूनच अपुरी आहेत. विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील एखादी घटना निवडू द्यावी. त्यांनी तिच्यातील एकच लहान गोष्ट बदलावी. निसर्गनियम आणि उपलब्ध साधने तशीच ठेवावीत. मग वाटी सुलटी होती की पालथी, हे पुराव्यानिशी सांगावे. शेवटी आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: ‘फरक पडला नसता’ असे आपण म्हणतो, ते नेमके कोणाच्या बाबतीत?