सूर्याच्या वादळांची वर्दी

३० ऑक्टोबर २००३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या विज्ञानविषयक उपसमितीपुढे एक सुनावणी झाली. अवकाशातलं हवामान म्हणजे काय आणि त्याचा अंदाज द्यायचा कोणी, हा तिचा विषय. सिनेटच्या अर्थसंकल्पी मसुद्यात 'नोआ' या सरकारी संस्थेच्या बोल्डर इथल्या अंदाज केंद्राचा निधी साफ काढून टाकला होता. नोआनं समुद्र आणि वातावरण पाहावं, सूर्याच्या भानगडीत कशाला पडावं, असा त्यामागचा विचार. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सूर्य पेटला होता. २८ तारखेला एक्स-१७ दर्जाची सौरज्वाला उसळली, दुसऱ्या दिवशी पृथ्वीला चुंबकीय वादळानं गाठलं आणि सुनावणीच्याच दिवशी, युरोपात रात्र झाल्यावर, स्वीडनच्या माल्मो शहरातल्या सुमारे पन्नास हजार ग्राहकांची वीज गेली. इतका चोख साक्षीदार क्वचितच कोणाला मिळाला असेल. केंद्र वाचलं. २००५मध्ये ते राष्ट्रीय हवामान सेवेत गेलं आणि २००७मध्ये त्याला 'स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटर' हे आजचं नाव मिळालं.

अवकाश हवामानाच्या अंदाजसेवेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काय काय बदललं, हे सांगताना उपग्रहांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा १९९९ची, आणि तिच्यात एकही उपग्रह नव्हता. त्या वर्षी नोआनं तीन मोजपट्ट्या आणल्या: रेडिओ संपर्क तुटण्यासाठी 'आर', सूर्याकडून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यासाठी 'एस' आणि चुंबकीय वादळासाठी 'जी'. प्रत्येकीवर एक ते पाच आकडे. तोवर जे इशारे जायचे ते जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेले असायचे. त्यातले निर्देशांक वीजकेंद्रातल्या अभियंत्याला काय सांगणार? आपल्या किनाऱ्यावर बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही हे कळायला हवामानशास्त्र शिकावं लागत नाही. तशी सोय वीजवाल्यांना, वैमानिकांना, उपग्रहवाल्यांना झाली.

या लोकांना धास्ती होती ती १९८९ची. त्या वर्षी १३ मार्चला कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख माणसं नऊ तास अंधारात राहिली. लांबलचक वीजवाहिन्यांत भूचुंबकीय वादळामुळे उगाचच प्रवाह शिरतो, रोहित्रं त्यानं बेजार होतात. आधी वर्दी मिळाली तर जाळ्यावरचा भार कमी करता येतो, दुरुस्तीची कामं पुढे ढकलता येतात.

पण वर्दी मिळते किती आधी? इथेच या सेवेचं खरं दुखणं आहे. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत येतात, म्हणजे ज्वाला दिसली तेव्हा ते पोचलेलेच असतात. चुंबकीय वादळ येतं ते सीएमईमुळे. हा सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला चुंबकित वायूचा लोट पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो. तो सुटताना दिसला की केंद्र 'वॉच' जाहीर करतं. मग तो पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-१ बिंदूपाशी ठेवलेल्या यानावर आदळला की 'वॉर्निंग'. आणि जमिनीवरच्या चुंबकमापकांनी वादळ टिपलं की 'अलर्ट'. लोट कधी पोचेल याचं गणित २०११पासून संगणकी प्रारूप करतं, तेही काही तासांच्या फरकानं. मात्र वादळ किती मोठं होणार हे बरंचसं ठरतं लोटातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर. ते दक्षिणमुखी असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळतं आणि दार उघडतं. उत्तरमुखी असेल तर भलाथोरला लोटही फारसं काही न करता निघून जातो. ही दिशा एल-१वर पोचेपर्यंत कळत नाही. तिथून पुढे हातात उरतात पंधरा मिनिटं ते तासभर.

एल-१वरची व्यवस्था गेली पंचवीस वर्षं ज्या पद्धतीनं चालली आहे तिला जुगाड म्हणणं वावगं ठरू नये. १९९७मध्ये सोडलेलं 'एस' हे यान मुळात संशोधनासाठीचं, पाचेक वर्षं चालावं अशा अपेक्षेचं. त्याच्याच मोजमापांवर अंदाजकर्ते विसंबले. २०१५मध्ये 'डिस्कव्हर' गेलं आणि जुलै २०१६पासून मुख्य यान झालं. जून २०१९मध्ये ते बिघडलं आणि मार्च २०२०मध्ये परतलं; मधले आठेक महिने म्हाताऱ्या 'एस'नंच गाडा ओढला. सीएमईची चित्रं यायची ती 'सोहो' यानावरून, जे १९९५मध्ये दोन वर्षांच्या मोहिमेसाठी गेलं होतं. त्यातही ही चित्रं नासाच्या मोठ्या अँटेनांची वेळ मिळेल तशी उतरायची, कधी कधी तासन् तास उशिरा. जगातल्या विमान कंपन्यांसाठी नोव्हेंबर २०१९पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं अवकाश हवामानाच्या अधिकृत सूचना सुरू केल्या, त्यांचाही पाया अशाच निवृत्तीचं वय उलटून गेलेल्या यंत्रांवर उभा होता.

फेब्रुवारी २०२२मध्ये मोजपट्टीचीच परीक्षा झाली. ३ तारखेला स्पेसएक्सनं ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले. ते आधी सुमारे २१० किलोमीटर उंचीवर ठेवून, तपासून मग वर नेण्याची कंपनीची पद्धत. तेव्हा वादळ होतं ते जी-१च्या आसपासचं, मोजपट्टीच्या भाषेत किरकोळ. पण वादळानं वरचं वातावरण तापलं, फुगलं, आणि त्या उंचीवरचा हवेचा अडथळा आधीच्या उड्डाणांच्या तुलनेत पन्नास टक्क्यांपर्यंत वाढला. ३८ उपग्रह जळून गेले. यात चूक वर्दीची म्हणता येणार नाही. ज्या आकड्यानं वीजवाल्याला निश्चिंत केलं तोच आकडा दोनशे किलोमीटरवरच्या उपग्रहवाल्याला निरुपयोगी होता. त्याला हवी होती हवेची घनता. गंमत म्हणजे ती सांगणारं प्रारूप बोल्डरमध्ये आदल्या वर्षीच रुजू झालं होतं. नंतर केंद्राच्या शास्त्रज्ञांनी आणि कंपनीच्या अभियंत्यांनी मिळून या प्रकरणावर शोधनिबंध लिहिला. झटका बसल्यावर का होईना, गिऱ्हाइकाला काय लागतं ते विचारलं गेलं.

मग आला मे २०२४. पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरापट पसरलेला १३६६४ क्रमांकाचा डाग एकामागून एक लोट फेकत होता. मागून सुटलेले वेगवान लोट पुढच्यांना गाठून त्यांच्यात मिसळत होते. केंद्रानं जी-४चा वॉच दिला, जानेवारी २००५नंतर पहिल्यांदा. १० मेच्या रात्री, भारतीय वेळेनुसार सव्वादहाच्या सुमारास, वादळ पोचलं. पहाटे साडेचारच्या आत जी-५ गाठला गेला, ऑक्टोबर २००३नंतर पहिल्यांदा. लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेवर आकाश लाल झालं. वीजजाळी सांभाळली गेली. फटका बसला तो भलत्याच ठिकाणी: अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीत ट्रॅक्टरांचं जीपीएस भरकटलं आणि पेरण्या थांबल्या. १९९९मध्ये मोजपट्ट्या बनवताना शेतकरी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

जी-५ ही मोजपट्टीची शेवटची पायरी. तिच्यावर किती, हे ती सांगत नाही. आणि याचा पुरावा मुंबईत आहे. २ सप्टेंबर १८५९च्या वादळात कुलाबा वेधशाळेत निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या नोंदींत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं आहे. मे २०२४ची जागतिक सरासरीची घसरण चारशेच्या थोडी वर. एका ठिकाणचा आकडा आणि जगाची सरासरी थेट तोलता येत नाहीत, तरीही मोजपट्टीवर दोन्ही एकाच खणात पडतात, हे खटकतंच. कुलाब्याच्या या नोंदी भूचुंबकत्व संस्थेच्या जी. एस. लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडल्या त्याही २००३मध्येच. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला हलवली गेली आणि तिथे मोजणी आजही चालू आहे.

एका अंदाजात मात्र केंद्राचं आणि एकूण तज्ज्ञांचं सपशेल चुकलं. डिसेंबर २०१९मध्ये त्यांच्या मंडळानं भाकीत केलं होतं की पंचविसावं सौरचक्र शांत असेल, डागांचा निर्देशांक जुलै २०२५मध्ये ११५वर जाईल. प्रत्यक्षात तो २०२४च्या ऑक्टोबरमध्येच १६०च्या आसपास टेकला. नोआनं २०२३मध्ये सुधारित अंदाज काढला आणि दर महिन्याला तो नव्यानं मांडायची पद्धत लावली. एकदा मंडळ बसवून दशकाचं भाकीत करायचं आणि गप्प राहायचं, यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

आता यंत्रंही बदलू लागली आहेत. जून २०२४मध्ये गेलेल्या गोज-१९ उपग्रहावर, केवळ अंदाजासाठी म्हणून बनवलेला पहिला प्रभामंडलदर्शक आहे. त्याची चित्रं अर्ध्या तासाच्या आत हाती येतात. भारताचं 'आदित्य-एल१' जानेवारी २०२४पासून एल-१भोवती आहे. त्यावर पुण्याच्या आयुकाची 'सूट' ही दुर्बीण आहे आणि चुंबकमापकही. डिस्कव्हर जुलै २०२५मध्ये पुन्हा बंद पडलं आणि अठ्ठावीस वर्षांच्या 'एस'ला परत उभं राहावं लागलं. सप्टेंबर २०२५मध्ये नोआनं आपलं नवं यान एल-१कडे धाडलं, अंदाजाच्या कामासाठीच घडवलेलं.

त्रिदिवसीय अंदाज मात्र अजूनही साध्या मजकुराच्या फायलीत, दिवसातून दोनदा, आपल्या घड्याळात सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला निघतो. पुढच्या दशकात युरोपचं 'व्हिजिल' यान पृथ्वीच्याच कक्षेत, तिच्या मागे असलेल्या एल-५ बिंदूवर नेण्याची आखणी आहे. तिथून सूर्याची वळून समोर येणारी बाजू काही दिवस आधी दिसेल आणि लोट पृथ्वीकडे निघाला की तो बाजूनं पाहता येईल. त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे मात्र एल-१ची वेस ओलांडतानाच कळेल.