कृष्णधवल छायाचित्रासाठी वेगळा सेन्सर कशाला?

मोबाइलवर काढलेला रंगीत फोटो एका स्पर्शात कृष्णधवल होतो. मग केवळ कृष्णधवल छायाचित्रे काढणारा, तोही लाखो रुपयांचा कॅमेरा कोणी का घ्यावा? याचे उत्तर सेन्सरच्या रचनेत आहे.

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंगांधळा असतो. त्याचा प्रत्येक पिक्सेल फक्त किती प्रकाश पडला, एवढेच मोजतो. यावर कोडॅक कंपनीतील संशोधक ब्राइस बायर यांनी शोधलेल्या उपायाला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. त्यांनी प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची सूक्ष्म गाळणी बसवली. निम्म्या पिक्सेलवर हिरवी, पाव भागावर लाल आणि पाव भागावर निळी. आज बहुतेक कॅमेऱ्यांत हीच रचना आहे.

तिची किंमत मात्र मोजावी लागते. गाळणी इतर रंगांचा बराचसा प्रकाश शोषून घेते. शिवाय पिक्सेल एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे रंगीत छायाचित्रातील दोन तृतीयांश रंगमाहिती प्रत्यक्ष मोजलेली नसते. बारीक विणीच्या कापडावर कधीकधी खोटे रंगीत पट्टे दिसतात, ते हा अंदाज चुकल्यामुळेच. फोटो नंतर कृष्णधवल केला, तरी गाळणीत अडलेला प्रकाश परत मिळत नाही.

मोनोक्रोम सेन्सरवर या गाळण्याच नसतात. त्यामुळे तपशील अधिक रेखीव येतो आणि कमी उजेडातही चित्र स्वच्छ राहते. लायका कंपनीने २०१२ मध्ये असा ‘एम मोनोक्रोम’ कॅमेरा आणला. त्याचा मूळ आयएसओ ३२० होता, तर आधीच्या रंगीत ‘एम ९’चा १६०. पेंटॅक्सनेही २०२३ मध्ये मोनोक्रोम कॅमेरा बाजारात आणला.

तोटेही आहेत. रंगीत फोटोतले आकाश संगणकावर नंतर गडद करता येते. इथे फोटो काढण्यापूर्वीच भिंगापुढे लाल किंवा पिवळा फिल्टर लावावा लागतो. चित्राचा एखादा भाग अतिप्रकाशाने पांढरा पडला, तर तिथला तपशील कायमचा गेला.

छंदापलीकडे, विज्ञानात या सेन्सरचे महत्त्व फार मोठे आहे. जिवंत पेशींमधील प्रथिनांना चमकणारे रंगद्रव्य जोडून त्यांचा माग काढला जातो. ही चमक अतिशय मंद असते. ती वाढवण्यासाठी झोत प्रखर केला, तर रंगद्रव्य फिके पडते आणि पेशींनाही इजा होते. म्हणून मिळेल तो प्रकाश वाया न घालवणारा मोनोक्रोम कॅमेरा सूक्ष्मदर्शकावर बसवतात. रंग हवेच असतील, तर वेगवेगळ्या फिल्टरमधून स्वतंत्र चित्रे घेऊन ती एकत्र करतात. हबल दुर्बिणीची रंगीत छायाचित्रेही अशीच तयार होतात.

‘चांद्रयान-२’वरील उच्च क्षमतेचा कॅमेराही कृष्णधवलच आहे. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरून तो २५ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. ‘चांद्रयान-३’साठी खड्डे आणि दगडधोंडे टाळून उतरण्याची जागा निवडताना त्याची छायाचित्रे कामी आली.

घरगुती फोटोंसाठी मोबाइल पुरेसा आहे. पण एखादी पेशी वाचवायची असो वा यान सुखरूप उतरवायचे असो, तिथे अंदाजापेक्षा मोजमाप अधिक मोलाचे ठरते.