तीन वर्षांची मुदत

गूगलच्या २०१३ सालच्या नेक्सस ७ टॅबलेटवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवताना एक स्क्रीन समोर येते. बाकीच्या पायऱ्या यांत्रिक आहेत, ही मात्र थांबून वाचावी अशी आहे. टॅब बंद करायचा, पॉवरचं आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दाबून तो पुन्हा सुरू करायचा, यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आणि फास्टबूट या कॉम्प्युटरवरच्या साधनातून एक कमांड द्यायची. मग टॅब विचारतो, बूटलोडर (यंत्र सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक करायचा आहे का? बाहेरच्या सिस्टिमची तपासणी मूळ सिस्टिमसारखी झालेली नसते, वॉरंटी जाऊ शकते, आणि तुमची खासगी माहिती दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून यंत्रातलं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना तिथे लिहिलेली असते. आवाजाच्या बटणांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडायचं आणि पॉवरचं बटण दाबायचं. कंपनीने स्वतःच्या यंत्राचं कुलूप मालकाला उघडू दिलं, तेही धोका लपवून न ठेवता. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीची साथ संपल्यावर अशी सोय प्रत्येक टॅबमध्ये असली पाहिजे, आणि ती कंपनीच्या मर्जीवर सोडता कामा नये.

हे यंत्र काही टाकाऊ नव्हतं. जुलै २०१३ मध्ये ते अँड्रॉइड ४.३ घेऊन बाजारात आलं. सात इंचाची १९२० × १२०० पिक्सेलची स्क्रीन, क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एस४ प्रो आणि दोन जीबी रॅम एवढी सामग्री आजही पुस्तक वाचायला, व्याख्यान ऐकायला, मुलांचा अभ्यास बघायला पुरते. मुदत मात्र वेगळीच ठरली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये गूगलने जाहीर केलं की नेक्सस यंत्रांना किमान दोन वर्षं मोठ्या आवृत्त्या मिळतील आणि सुरक्षेचे पॅच तीन वर्षं, किंवा गूगल स्टोअरवरच्या शेवटच्या विक्रीपासून अठरा महिने, यांतलं जे उशिरा संपेल तोवर मिळतील. म्हणजे साधारण तीन वर्षं. ऑगस्ट २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ आलं तेव्हा नेक्सस ७ त्या यादीत नव्हता, तो ६.०.१ वरच राहिला. काच फुटली नव्हती, चिप जळली नव्हती, फक्त तीन वर्षं झाली होती.

साथ सुटली म्हणून टॅब त्याच दिवशी बंद पडत नाही, तो हळूहळू जगापासून तुटतो. ब्राउझर एखाद्या संकेतस्थळावर विश्वास ठेवतो तो यंत्रात साठवलेल्या मूळ प्रमाणपत्रांच्या आधारावर. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रं देते, पण तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये नाही. जुन्या यंत्रांसाठी केलेली तात्पुरती व्यवस्था ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. त्यानंतर जुन्या टॅबवर धडधाकट संकेतस्थळंही धोकादायक असल्याचे इशारे दिसू लागतात, आणि वापरणाऱ्याला वाटतं की आपला टॅब बिघडला. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत बाळगतो, त्याने काही काळ निभावतं, पण सिस्टिममधल्या इतर भगदाडांवर तो उपाय नव्हे. ती बुजवायची तर सिस्टिमच बदलावी लागते. ते काम स्वयंसेवकांनी केलं. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर बेतलेली सिस्टिम बंद पडल्यावर त्यातूनच लिनेजओएस उभं राहिलं, आणि त्याच्या १८.१ या आवृत्तीतून या टॅबवर अँड्रॉइड ११ पोचलं. मूळ रचनेत सिस्टिमसाठी राखलेली जागा एक जीबीहूनही कमी होती, नवी सिस्टिम तीत मावेना. म्हणून स्टोरेजची वाटणीच नव्याने करावी लागली. हे काम नाजूक आहे, मधेच केबल निघाली तर टॅब हातचा जाऊ शकतो. त्यानंतरचं सगळं सोपं आहे: जुनं पुसायचं, नवी फाइल चढवायची, पहिल्या वेळी सुरू व्हायला लागणारी काही मिनिटं धीर धरायचा.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. कंपनीने प्रत्येक जुन्या यंत्राला किती वर्षं पोसायचं? चिप बनवणाऱ्याने ड्रायव्हर सुधारणं थांबवलं की टॅबच्या कंपनीचे हात बांधले जातात, हेही खरं. पण त्याच २०१३ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या आयपॅड एअरला ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये १२.५.७ ही सुरक्षेची दुरुस्ती दिली. नऊ वर्षं झाली होती. ॲपल स्वतःची चिप स्वतःच घडवतं, त्यामुळे त्याला हे सोपं गेलं हे मान्य. तरी गूगलनेही २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलंच. तीनाची सात झाली याचा अर्थ तीन हा आकडा निसर्गनियम नव्हता, तो व्यापारी निर्णय होता. आणि इथे मागणी अखंड पोसण्याची नाहीच. तुमचं काम संपलं असेल तर इतरांना करू द्या, एवढीच आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो वजनदार आहे. कुलूप उघडं राहिलेलं यंत्र चोराच्या हाती लागलं तर? इथे त्या स्क्रीनवरची सूचना पुन्हा वाचावी. अनलॉक करताना सगळं पुसलं जातं ते याचसाठी, की कुलूपबंद टॅब पळवणाऱ्याला तो उघडून आतलं वाचता येऊ नये. त्यानंतरचा धोका उरतोच, बँकेची काही ॲप्स अशा टॅबवर चालायला नकार देतात ते उगाच नाही. पैशांचे व्यवहार त्यावर करू नयेत. पण मग वर्षानुवर्षं एकही दुरुस्ती न मिळालेला, ६.०.१ वर गोठलेला टॅब सुरक्षित म्हणायचा का? कुलूपबंद आणि सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप अनुभवाचा: नवी सिस्टिम टाकली की जुनं यंत्र रखडतं. २०१२ च्या पहिल्या नेक्सस ७ चं तसंच झालं. एक जीबी रॅमच्या त्या टॅबवर २०१४ च्या अखेरीस अँड्रॉइड ५ आलं आणि तो इतका मंदावला की वापरणारे हवालदिल झाले. मात्र ते अपडेट अधिकृत होतं. परतीची वाटही खुल्या बूटलोडरनेच दिली, कारण गूगलने जुन्या सिस्टिमच्या फाइली प्रसिद्ध केलेल्या होत्या आणि ४.४ वर माघारी जाता येत होतं. आयपॅडला ही मुभा नाही, ॲपलने जुन्या आवृत्तीवर सही करणं थांबवलं की मागे फिरता येत नाही. म्हणून प्रत्येक अपडेट चांगलंच असतं असा माझा दावा नाही. पुढे जायचं, थांबायचं की मागे फिरायचं, हे यंत्राच्या मालकाने ठरवावं.

कायदे या दिशेने सरकू लागले आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते कंपनीला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाचे जून २०२५ पासून लागू झालेले नियम शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही पाच वर्षं अपडेट मिळण्याची अपेक्षा धरतात. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम उत्पादकाला पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी देतात, म्हणजे टॅब भंगारात गेल्यावरचा हिशेब मागतात. तो भंगारात लवकर का गेला, हाही प्रश्न त्याच उत्पादकाला विचारायला हवा. खोक्यावर एमआरपीशेजारी अपडेटची शेवटची तारीख छापलेली असावी, आणि त्या तारखेनंतर बूटलोडर उघडण्याची अधिकृत सोय मिळावी. नेक्सस ७ मध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून होती, तेव्हा ती अशक्य आहे असं कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही.