खाडीपलीकडचे बेट

बेटाची सहल म्हटली की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे दूरचा कॅरिबियन समुद्र उभा राहतो. तेथे मोठ्या आगबोटीतून उतरलेले प्रवासी सकाळी एखाद्या चिमुकल्या बेटावर जातात आणि दिवेलागणीपूर्वी बोटीवर परततात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहणाऱ्या कुटुंबास असा योग कोठून यावयाचा, असे कोणासही वाटेल. परंतु हे कुटुंब स्वतःच एका बेटावर राहते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची आणि पश्चिमेस अरबी समुद्र असे हे साष्टी बेट. १८४५ साली माहीमच्या खाडीवर रस्ता झाला, पुढे रेल्वेचे पूल झाले आणि पाणी ओलांडून गावास जाण्याची सवय मोडली.

ती सवय अद्याप टिकून आहे ती साष्टीच्या वायव्येस, गोराई आणि मनोरी या गावी. ही गावे व उत्तरेकडील उत्तन मिळून जो भूभाग होतो त्यास पूर्वी धारावी बेट म्हणत. माहीमजवळची धारावी ती निराळी. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी येथील पोर्तुगीजांचे ठाणे घेतले. वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्यास हे ठाणे मोक्याचे होते. आज भाईंदरहून उत्तनमार्गे मोटारीने येथे येता येते. तथापि सहलीस निघालेल्याने बोरिवलीहून गोराईच्या खाडीवर जाऊन किंवा मालाडहून मार्व्यास जाऊन नावेनेच पलीकडे जावे. मार्व्याची नाव तर काही मिनिटांतच मनोरीस पोहोचते.

नावेत बसण्यापूर्वी मात्र एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. ती म्हणजे भरती-ओहोटी. कॅरिबियन समुद्रात भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरक बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरसुद्धा नसतो. त्यामुळे तेथील प्रवाशास तिचा विचार करावा लागत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर हाच फरक उधाणाच्या दिवशी चार मीटरांहूनही अधिक होतो. सकाळी ज्या खाडीत तिवरांचे शेंडे तेवढे दिसतात, तेथेच सायंकाळी चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळे मोजता येतात.

हा हिशेब कोळी व खारवी मंडळी पंचांगावरून करीत आली आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशीस अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी व रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत पडून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती परस्परांस छेदते आणि भांगाची भरती येते. घरातील शाळकरी मुलास हा हिशेब आदल्या रात्री करावयास लावावा आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर त्याचा पडताळा पाहावा. भूगोलाचा असा धडा वर्गात मिळत नाही.

त्यातच सावधगिरीचेही सूत्र आहे. पौर्णिमेस किंवा अमावास्येस भरती दुपारी बाराच्या आसपास असते. जेवणे आटोपून मंडळी पाण्यात उतरतात ती नेमकी ओहोटी लागल्यावर, म्हणजे पाणी खोल समुद्राकडे ओढ घेत असताना. या किनाऱ्यावर पोहता येणारी तरुण मुलेही दगावली आहेत. गावचा माणूस ‘आत जाऊ नका’ म्हणाला, तर त्यास अडाणी न समजता त्याचे ऐकावे. पावसाळ्यात तर पाण्यास पाय लावण्यापलीकडे काही करूच नये.

गोराईच्या बाजूस २००९ साली खुला झालेला विपश्यना पगोडा आहे. त्याच्या विशाल घुमटाखाली एकही खांब नाही. तो पाहून पुढे गावात जावे. येथे हिंदू कोळ्यांची घरे आहेत आणि पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या भूमिपुत्रांचीही. या दुसऱ्या मंडळींनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. परंतु त्यांची घरची बोली मराठीच आहे आणि लग्नात गाणीही मराठीतच म्हटली जातात. देवळात व चर्चमध्ये चप्पल काढून, आवाज उतरवून जावे. बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने नाक मुरडू नये. कोणाच्या तरी घरचे वर्षाचे मीठभाकर तेथे सुकत असते. जून व जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा त्या सुक्या मासळीचाच आधार असतो.

साष्टीतील अंधेरी, मालाड, बोरिवली ही गावेही एके काळी अशीच होती : शेते, विहिरी, मिठागरे आणि खाडीवर बांधलेली होडी. तेथे आज जे उरले नाही ते येथे थोडेफार पाहावयास मिळते. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. वर्सोव्याहून मढास नावेने काही मिनिटांत जाता येते, त्याच मढास मालाडवरून मोटारीने जाण्यास वीस किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो. म्हणून तेथे पूल बांधण्याचे ठरले आहे. आजारी माणसास रात्री रुग्णालयात न्यावयाचे असते त्यास पुलाचे मोल विचारावे. आणि ज्याची होडी त्याच खाडीत नांगरलेली असते त्यासही विचारावे. दोघांचेही म्हणणे खरे असते. सहलकऱ्याने एवढे तरी करावे की, आपल्या डब्यातील कागद व बाटल्या परत आपल्याबरोबर न्याव्या, भाजी व मासळी गावातच विकत घ्यावी आणि शेवटच्या नावेची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.

परतीच्या नावेत मुलांनी मागे वळून पाहिले, तर तिवरांमागे दिवे लागलेले दिसतील. समोर बोरिवलीचे उंच दिवे दिसतील. त्यांनी मग विचारावे की यांपैकी बेट कोणते. आणि वडिलांनी नकाशा काढून, दोन्हीही, असे उत्तर द्यावे.