मौन म्हणजे संमती नव्हे

कोणतेही संकेतस्थळ उघडले की पडद्याच्या तळाशी एक पट्टी येते : 'आम्ही कुकीज वापरतो.' बहुतेकजण ती न वाचताच 'मान्य' हे बटण दाबून मोकळे होतात. आपण कशाला होकार दिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या होकाराचा अर्थ काय आणि अशी पट्टी कशी असावी, हे थोडक्यात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

वेबच्या मूळ रचनेत स्मरणशक्ती नाही. एका पानावरून दुसऱ्यावर गेलेला वाचक तोच आहे, हे संकेतस्थळाला कळत नाही. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी उपाय काढला. संकेतस्थळ ब्राउझरजवळ एक छोटी चिठ्ठी देते. पुढच्या वेळी ब्राउझर ती परत दाखवतो. हीच कुकी. ग्रंथालयाच्या दारात पिशवी ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही सोय निरुपद्रवीच आहे. परंतु एकाच जाहिरात कंपनीची चिठ्ठी असंख्य संकेतस्थळांवर असली, की माणूस काय वाचतो, कोणत्या आजाराची माहिती शोधतो, याची नोंद त्याच्या नकळत तयार होऊ शकते. खरा प्रश्न येथे आहे.

युरोपीय संघाने २००९ मध्ये आपला २००२ चा निर्देश बदलून अशा चिठ्ठ्यांसाठी आधी संमती घेणे आवश्यक केले. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीने संमतीची व्याख्या अधिक कडक केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील न्यायालयाने निर्णय दिला, की आधीच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे. आपल्याकडील 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन तेथे चालत नाही!

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम आपले संकेतस्थळ कोणत्या कुकीज ठेवते याची यादी करावी. लॉगिनसारख्या अत्यावश्यक कुकीजना परवानगी लागत नाही. जाहिरातीच्या कुकीजना लागते. दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. होकार मिळेपर्यंत जाहिरातीचा प्रोग्रॅम सुरूच होता कामा नये. पट्टी दिसते आहे आणि मागे कुकीज केव्हाच ठेवल्या गेल्या आहेत, अशी पट्टी म्हणजे निव्वळ देखावा होय. तिसरे, 'मान्य' आणि 'अमान्य' ही बटणे शेजारी-शेजारी व सारख्याच आकाराची असावीत. होकाराला एक बटण आणि नकाराला अनेक, या कारणासाठी फ्रान्समधील आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. शेवटी, दिलेली संमती केव्हाही मागे घेता यावी, म्हणून तशी जोडणी प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवावी. वाचकाचा नकारही लक्षात ठेवावा. त्याला तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारून बेजार करू नये.

आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत वाचता यावी, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. त्या भाषांत मराठीही आहे. मला ही तरतूद मोलाची वाटते. जे समजलेच नाही, त्याला दिलेला होकार हा होकार कसा म्हणावा? सोप्या मराठीत स्पष्ट प्रश्न विचारणारी पट्टी लिहिणे, हे आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांचेही काम आहे.